दाढ काढण्याआधी पट्टा बांधा

"काही आजार आहे का तुम्हाला?" हा प्रश्न दातांच्या दवाखान्यात दिवसभर विचारला जातो आणि दिवसभर त्याला एकच उत्तर मिळतं. "नाही, तसं काही नाही." मग पुढचा प्रश्न. रोजची एखादी गोळी? "बीपीची होती, पण आता नॉर्मल असतं म्हणून बंद केलीय." शुगर? "बॉर्डरवर आहे." कधी ऑपरेशन वगैरे? "अँजिओप्लास्टी झालीय, पण त्याला बरेच दिवस झाले. आता काही त्रास नाही."

यातलं कोणी खोटं बोलत नसतं. आपल्याकडे आजार म्हणजे त्रास. ताप आला, दम लागला, अंथरूण धरलं, तर तो आजार. गोळीने काबूत असलेला रक्तदाब लोकांच्या लेखी आजार नसतो आणि सहा वर्षांपूर्वी हृदयात बसवलेली स्प्रिंग ही तर मिटलेली गोष्ट असते. शिवाय माणूस आलेला असतो दाढेसाठी. रात्रभर जागलेला, गाल धरून बसलेला. त्याला वाटतं, दाढ दाखवायला आलोय तर हे हृदयाचं काय काढून बसले? केस पेपरवर 'मेडिकल हिस्टरी' असा एक रकाना असतो, त्यात आडवी रेघ मारली जाते आणि काम सुरू होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दातांच्या दवाखान्यात नुसतं विचारून भागवणं आता पुरे झालं. मोजायला हवं. तिशीपुढच्या प्रत्येकाला भुलीचं इंजेक्शन देण्याआधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघावा आणि दात काढायचा किंवा हिरड्यांवर काम करायचं असेल तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघावी. हे डॉक्टरच्या सवडीवर किंवा सदसद्विवेकावर न सोडता दवाखाना चालवण्याची अट म्हणून व्हावं. तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवणारा माणूस म्हणून मी हे लिहितोय. ही अट माझ्याही मानगुटीवर बसणार आहे, याची मला कल्पना आहे.

विचारून का भागत नाही? कारण जे माणसाला स्वतःलाच ठाऊक नाही ते तो सांगणार कसं? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळावर झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या प्रौढांपैकी 11.4 टक्के लोकांना मधुमेह आहे, आणखी 15.3 टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि 35.5 टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त कुठे, तर आपल्या शेजारी गोव्यात: 26.4 टक्के. म्हणजे पणजी-मडगावच्या एखाद्या डेंटल क्लिनिकच्या बाकावर चार प्रौढ माणसं बसली असतील तर त्यातला एक मधुमेही निघावा, असा हिशेब. रक्तदाबाचा हिशेब तर तीनात एक. आणि हे दोन्ही आजार वर्षानुवर्षं काही दुखू देत नाहीत. चाळिशीतला धडधाकट पुरुष फिजिशियनकडे आपणहून कधी जातो? जात नाही. दाढ ठणकली की मात्र मुकाट्याने येतो. निरोगी समजल्या जाणाऱ्या माणसाला डॉक्टरच्या खुर्चीत अर्धा तास बसवण्याची ताकद फार थोड्या दुखण्यांमध्ये आहे, दातदुखी त्यातली एक. ती संधी आपण रोज वाया घालवतो.

आता हृदयाचा आणि दाढेचा संबंध. दाढ काढणं ही शस्त्रक्रिया आहे, हे आधी मान्य करू. बाह्यरुग्ण विभागात वीस मिनिटांत उरकते, माणूस तोंडात कापूस धरून स्वतःच्या स्कूटरवरून घरी जातो, म्हणून ती किरकोळ वाटते. पण मागे हाडापर्यंत उघडी जखम राहते, तीही शरीरातल्या सर्वांत जंतुमय जागांपैकी एका जागी. तिला टाके बहुतेकदा नसतात, पट्टी तर बांधताच येत नाही. भुलीसाठी आम्ही जे लिग्नोकेन वापरतो त्यात सहसा 80,000 भागांत एक भाग या प्रमाणात अॅड्रेनॅलिन मिसळलेलं असतं. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, भूल टिकते, रक्त कमी येतं. हे प्रमाण धडधाकट माणसाला काहीच करत नाही. रक्तदाब 190 असलेल्या, रात्रभर न झोपलेल्या, सुईला घाबरलेल्या माणसाला करू शकतं. गंमत अशी की त्याच्या शरीराने भीतीपोटी स्वतःच सोडलेलं अॅड्रेनॅलिन आमच्या सिरिंजमधल्यापेक्षा भारी पडू शकतं. म्हणून 'बिनअॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्या, म्हणजे झालं' हा तोडगाही लंगडा आहे. भूल अर्धवट चढली की दुखतं आणि दुखलं की रक्तदाब आणखी चढतो.

मधुमेहाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. साखर वाढलेली असली की जखम भरत नाही, खड्डा चिघळतो, एवढं लोकांना साधारण माहीत असतं. उलटी बाजू माहीत नसते. हिरड्यांचा जुनाट आजार, म्हणजे ज्यात हिरड्या सुजतात, पू येतो, हाड झिजतं आणि शेवटी दात हलायला लागतात, तो मधुमेहाचा परिणाम तर आहेच, पण तो साखर वाढवतोही. तोंडभर पसरलेली ती सूज शरीराला इन्शुलिन नीट वापरू देत नाही. हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञाने 1993 सालीच हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. 2022 सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, असं दिसलं की हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत मधुमेहींचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची साखर दाखवणारा आकडा, सरासरी 0.43 टक्क्यांनी खाली येतं. फिजिशियन मंडळींना विचारा, एवढ्या घसरणीसाठी ते कधीकधी एक जादा गोळी लिहून देतात. पण मधुमेहाच्या किती रुग्णांना त्यांच्या डॉक्टरांनी 'हिरड्या दाखवून या' असं सांगितलेलं असतं? पाय बघतात, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात. तोंड उघडून बघतं कोण?

आमच्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या बाईची तक्रार ठरलेली असते: "दात हलायला लागलेत, सगळे काढून कवळी बसवा." दात किडलेले नसतात. बोटाने दाबलं तर हिरडीतून पू येतो, तोंडाला विशिष्ट वास येतो, आणि गेल्या वर्षभरात दोन-तीनदा एकाच भागात गळू येऊन गेलेलं असतं. अशा वेळी ग्लुकोमीटरच्या पट्टीवर तीनशेच्या पुढचा आकडा दिसला की मला आश्चर्य वाटत नाही. तिला वाटतं. "पण मी तर चहात साखर घालतच नाही, डॉक्टर." ती पट्टी लावली नसती तर काय झालं असतं? दात काढले असते, खड्डे महिनाभर चिघळले असते, तिने दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन माझ्या नावाने खडे फोडले असते आणि मधुमेह कळायला पायाची जखम किंवा डोळ्यातला रक्तस्राव व्हावा लागला असता.

2021 साल आठवून बघा. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, आला आणि मे महिन्यात केंद्राने त्याची नोंद सक्तीची करायला राज्यांना सांगितलं. महाराष्ट्राला त्याचा फार मोठा तडाखा बसला. पहिली लक्षणं कुठे दिसत होती? वरचे चांगले दात अचानक हलायला लागले, हिरडीवर बारीक फोड आले, टाळू काळा पडला. लोक दातांच्या डॉक्टरकडेच आले. मुळाशी होती बेफाम वाढलेली साखर आणि स्टेरॉइड. आपल्याला मधुमेह आहे हे कित्येकांना तेव्हाच कळलं. ज्या दंतवैद्यांनी दात हलतोय म्हणून लगेच तो न काढता आधी साखर बघितली आणि स्कॅनला पाठवलं, त्यांनी डोळे आणि जीव वाचवले. त्या काही महिन्यांत डेंटल क्लिनिकमध्ये ग्लुकोमीटर दिसायला लागले होते. लाट ओसरली, मशीन ड्रॉवरमध्ये गेली, पट्ट्यांची मुदत संपली.

औषधांचं प्रकरण तर आजारांपेक्षाही निसरडं आहे, कारण ती गोळी ज्या आजारासाठी आहे तो माणूस विसरलेला असतो. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. रुग्ण म्हणतो हिरड्यांना सूज आलीय, आम्ही साफसफाई करून देतो, सहा महिन्यांनी परत तेच. फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनचंही तसंच. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते, कोणाला वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देतात. वर्षातून एकदा घेतलेलं सलाइन 'रोजची काही गोळी चालू आहे का' या प्रश्नाच्या जाळ्यात सापडेल कसं? पण याच गटातल्या औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड मरून उघडं पडू शकतं, हे रॉबर्ट मार्क्स या अमेरिकन शल्यविशारदाने 2003 सालीच दाखवून दिलं होतं. हाडांच्या या सर्वसाधारण रुग्णांत धोका कमी असतो. कर्करोगासाठी तेच औषध मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांत बराच जास्त. म्हणून प्रश्न 'आजार आहे का' असा नसावा. 'घरातली सगळी औषधं पिशवीत घालून घेऊन या' असा असावा. मी फोनवर वेळ देतानाच हे सांगतो. लोक पिशवी आणतात आणि त्या पिशवीत केस पेपरपेक्षा जास्त माहिती असते.

त्या पिशवीत आणखी एक गोष्ट हमखास निघते: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली केटोरोलॅक. दातदुखीवर रामबाण म्हणून ती गावोगाव विकली जाते, पाण्यात विरघळवायची आणि प्यायची. हे औषध पाच दिवसांपुढे घेऊ नये आणि मूत्रपिंडं अधू असतील तर घेऊच नये, हे पाकिटावर बारीक अक्षरात असतं. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही असलेला, मूत्रपिंडं आधीच दमलेला माणूस दाढ काढायला घाबरतो म्हणून पंधरा-पंधरा दिवस तिच्यावर काढतो. दाढ तशीच राहते आणि मूत्रपिंडं थकल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. त्याला डॉक्टरकडे जायची भीती वाटली, मेडिकलवाल्याने विकलं, आणि आम्ही कधी विचारलं नाही.

आता डॉक्टरांच्या आपसातल्या चिठ्ठीबद्दल. दंतवैद्य आणि फिजिशियन यांच्यात जो काही संवाद आहे तो एका चिठ्ठीवर चालतो. आमच्याकडून जाते ती अशी: 'रुग्णाचा दात काढायचा आहे, कृपया फिटनेस द्यावा.' दोन दिवसांनी उत्तर येतं. माझ्या टेबलाच्या काचेखाली असंच एक उत्तर मी मुद्दाम ठेवलं आहे, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव कापून. 'फिट फॉर डेंटल एक्स्ट्रॅक्शन. स्टॉप इकोस्प्रिन फाइव्ह डेज.' खाली सही, शिक्का. इकोस्प्रिन म्हणजे रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन. रक्तदाब किती होता ते लिहिलेलं नाही. स्टेंट, म्हणजे ती हृदयातली स्प्रिंग, कधी बसवला ते नाही. दुसरी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तिचं काय करायचं ते नाही. थांबवलेली गोळी परत कधी सुरू करायची, तेही नाही. पुष्कळ लोक ती परत सुरूच करत नाहीत, कारण कोणी सांगितलेलं नसतं.

या चिठ्ठीत नेमकं काय धोकादायक आहे ते समजून घ्यायला हवं. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाची अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अचानक बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि तशी झाली तर ती जिवावर बेतते. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी 2007 साली एकत्र येऊन सांगितलं की औषध सोडणारा स्टेंट बसवल्यावर ही दुहेरी गोळी वर्षभर तोडू नये, दातांच्या कामासाठी तर नाहीच. उलट बाजूला धोका काय, तर काढलेल्या दाताच्या खड्ड्यातून थोडं जास्त वेळ रक्त येईल. ते दिसतं, हाताशी असतं, दाबून थांबवता येतं. टाका घाला, खड्ड्यात रक्त गोठवणारा स्पंज ठेवा, रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अॅसिडमध्ये भिजवलेला गॉज अर्धा तास चावून धरायला सांगा. एका बाजूला उशी खराब होण्याची भीती आहे आणि दुसऱ्या बाजूला हृदयविकाराचा झटका. तरीही आपण सर्रास दुसरा पर्याय निवडतो, कारण उशीवरचं रक्त रात्री बारा वाजता दंतवैद्याला फोन करतं आणि स्टेंट बंद पडला तर त्याचं खापर दाढेवर कोणी फोडत नाही.

हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांच्या एसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही असंच. गोळी बंद करण्याआधी रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी एक साधी तपासणी करायची असते, आयएनआरची. ब्रिटनमधल्या दंतवैद्यांना दिलेल्या सूचनांप्रमाणे हा आकडा 4 च्या खाली असेल तर साध्या दात काढण्यासाठी गोळी थांबवायची गरज नाही. तपासणी शक्यतो आदल्या दिवशीची, फार तर 72 तासांच्या आतली हवी. आणि कृत्रिम झडपेच्या माणसाला दात काढण्याआधी तासभर अमॉक्सिसिलिनचा मोठा डोस द्यायचा असतो, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून जाऊन झडपेवर घर करू शकतात. आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापातून झडपा खराब झालेल्यांची संख्या मोठी आहे, म्हणजे हा प्रश्न पाठ्यपुस्तकातला नाही.

तर चिठ्ठी कशी असावी? मी अलीकडे अशी लिहितो: 'खालची उजवी दाढ, एकच, हलणारी. दोन मिली लिग्नोकेन, अॅड्रेनॅलिनसह. वीस मिनिटांचं काम, टाका घालणार. आज माझ्याकडे रक्तदाब 148/92, साखर 186. स्टेंट कोणत्या महिन्यात बसवला? गोळ्या चालू ठेवून काम करण्याचा माझा विचार आहे. तुमची हरकत असल्यास कारण कळवावं.' अशा चिठ्ठीला 'फिट' एवढंच उत्तर देणं कठीण जातं. ज्यांना एरवी दंतवैद्यांशी बोलायला सवड नसते त्या फिजिशियनचा चक्क फोन येतो. 'फिटनेस' मागणं म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात मारणं, आणि 'फिट' लिहून देणं म्हणजे तो न वाचता परत करणं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिल्यापासून ही कागदी ढाल फारच लोकप्रिय झाली आहे. रुग्ण मात्र ढालीच्या पुढे उभा असतो.

ही फाळणी आजची नाही. जगातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय 1840 साली अमेरिकेत बाल्टिमोरला वेगळं निघालं, आपल्याकडे कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली पहिलं काढलं, 1948 साली दंतवैद्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. वेगळं शास्त्र म्हणून दंतवैद्यकाची वाढ झाली हे चांगलंच. पण नोंदणी वेगळी, इमारत वेगळी, केस पेपर वेगळा, विम्यातून बहुतेक दंतोपचार वगळलेले, असं करता करता तोंड शरीरातूनच वेगळं निघालं. 2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. जुनी परिषद जाऊन नवा आयोग, नवे नियम, अशी ती रचना आहे. नियम नव्याने लिहायचेच असतील तर ही अट घालायला याहून चांगली वेळ कोणती?

माझ्या व्यवसायबंधूंचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, आम्ही काही फिजिशियन नाही. नसू, पण बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरी शिकूनच आपण पुढे आलो. रक्तदाब मोजणं हे निदान करणं नव्हे. उपकेंद्रातल्या सिस्टर मोजतात. दुसरा आक्षेप खर्चाचा. बरं मशीन दोनेक हजारांत येतं, साखरेची पट्टी वीसेक रुपयांना. रूट कॅनॉलचं बिल हजारांत लावणाऱ्यांनी हा आक्षेप घेऊ नये.

तिसरा आक्षेप, मोजलं की गिऱ्हाईक जातं, हा मात्र खरा आहे आणि माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. परवाच एक दुकानदार आले, पन्नाशीचे. दाढेत कळ मारत होती. पट्टा बांधला, 190/114. दुखण्याने वाढलं असेल म्हणून दहा मिनिटं बसवलं, पाणी दिलं, परत मोजलं, 184/112. मी म्हटलं, दाढ आज काढत नाही, दुखणं थांबवून देतो, आधी बीपीचं बघून या. ते उठले. "दाढ दुखते म्हणून आलो आणि तुम्ही बीपी दाखवून घाबरवताय. समोरचे डॉक्टर तर लगेच काढून देतात." आणि गेले. समोरच्यांनी काढलीही असेल. ज्याने मोजलं त्याचं गिऱ्हाईक गेलं, ज्याने मोजलं नाही त्याचा धंदा झाला. ही गोष्ट दंतवैद्याच्या चांगुलपणावर सोडली तर चांगुलपणाचा दर महिन्याला तोटा होणार. नियम सर्वांना सारखा असला तरच समोरचा आणि मी एकाच ओळीत येतो.

पण नियम करताना एक सावधगिरी हवी, नाहीतर औषधच आजार होईल. आकडा जास्त निघाला की 'फिटनेस आणा' म्हणून रुग्णाला वाटेला लावण्याचं निमित्त मिळता कामा नये. तसं आजही होतं. गरोदर बाईला 'डिलिव्हरीनंतर या' म्हणतात, खरं तर मधले तीन महिने उपचाराला चांगले असतात. एचआयव्ही किंवा काविळीचा ब प्रकार असलेल्याला वेगवेगळ्या सबबी सांगून टाळतात. 2017 सालच्या कायद्याने एचआयव्हीबाधितांशी असा भेदभाव करायला मनाई आहे, तरीही. मग लोक लपवायला शिकतात आणि केस पेपरवर पुन्हा ती आडवी रेघ उमटते. म्हणून कोणत्या आकड्याला काय करायचं हे नियमातच हवं. 180/110 च्या पुढे असेल तर न टाळता येणारं सोडून बाकीचं काम पुढे ढकलावं, पण वेदना थांबवण्याची आणि पू काढून देण्याची जबाबदारी दंतवैद्याचीच. त्याच्या खाली असेल तर काम करावं आणि आकडा लिहून हातात द्यावा. साखर जास्त असली तरी ज्या दाताच्या मुळाशी पू आहे तो काढावाच लागतो, कारण तो आत असेपर्यंत साखर खाली यायला नकार देते.

विदर्भातल्या आणि नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागातल्या दवाखान्यांत या यादीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर पडते. 2023 च्या जुलैपासून त्याची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासलेल्यांना कार्ड मिळतं. ते कार्ड आधारकार्डासारखं दंतवैद्याने मागून घ्यावं. दाताचा जंतुसंसर्ग आणि दिवसभराचा उपास या रुग्णांना वेदनेच्या झटक्यात लोटायला पुरेसे असतात.

सरकारला नवीन यंत्रणा उभारायची गरजच नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांसाठी तपासणी करायची असते, त्यात तोंडाचा कर्करोग आहे. म्हणजे तोंड उघडून बघायचं हे सरकारने मान्य केलेलंच आहे, फक्त तिथे बघणाऱ्याने हिरडीकडे बघायचं नाही आणि दातांच्या खोलीतल्या डॉक्टरने दंडाकडे बघायचं नाही, अशी वाटणी होऊन बसली आहे. सरकारी रुग्णालयांमध्ये या दोन्ही खोल्या एकाच इमारतीत असतात. दातांच्या रांगेतल्या माणसाने आधी त्या खोलीतून आकडा लिहून घ्यायचा आणि मग दातांच्या खोलीत जायचं, एवढा बदल अधिष्ठात्यांच्या किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या एका परिपत्रकाने होऊ शकतो.

खासगी दवाखान्यांचं काय, कारण बहुतेक दात तिथेच काढले जातात? क्षयरोगाच्या बाबतीत आपण यावर उत्तर शोधलेलं आहे. खासगी डॉक्टरने क्षयाचा रुग्ण सरकारी नोंदीत घातला की त्याला पाचशे रुपये मिळतात, उपचार पूर्ण झाल्याचं कळवलं की आणखी पाचशे. मधुमेह आणि रक्तदाबाचे नवे रुग्ण शोधून देणाऱ्या दंतवैद्याला पैसे नकोत, साखरेच्या पट्ट्या द्या. शंभर पट्ट्यांचं खोकं, त्याबदल्यात आढळलेल्या नव्या रुग्णांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला. तो दुकानदार समोर जाऊन दाढ काढून आला असता तरी तिथेही कोणीतरी त्याच्या दंडाला पट्टा बांधला असता, आणि त्याचं नाव आज कुठल्यातरी आशाताईच्या वहीत असतं.